प्रायश्चित्त गाळलेली गोष्ट

गोष्ट सांगणाऱ्याने मूळ गोष्टीत किती फेरफार करावेत, हा प्रश्न आपल्या बायकांना नवा नाही. घास संपेपर्यंत गोष्ट लांबवायची, मूल घाबरलं की राक्षस जरा लहान करायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आता मात्र जेवताना गोष्ट सांगायचं काम बऱ्याच घरांत पडद्याने घेतलं आहे. तेव्हा हा नवा सांगणारा गोष्टीतून काय गाळतो, इकडे लक्ष ठेवणं आपल्याकडे आलं, असं मला वाटतं.

उदाहरणादाखल एकच चित्रपट घेते : डिस्नेचा १९९७ सालचा ‘हर्क्युलिस’. ग्रीक पुराणातल्या सर्वांत बलवान वीराची ही कार्टूनमधली गोष्ट. घराघरांतली मुलं ती अजूनही आवडीने बघतात. गाणी छान आहेत, रंग प्रसन्न आहेत, विनोदही चांगले आहेत. झ्यूस आणि हेरा या देवदंपतीला गोंडस बाळ होतं. पाताळाचा देव हेडीस त्याला पळवतो आणि औषध पाजून माणूस करतो. शेवटचा थेंब पोटात जायचा राहतो, म्हणून ताकद तेवढी शिल्लक उरते. एक गरीब जोडपं त्याला वाढवतं. मोठा झाल्यावर तो राक्षस मारतो, प्रसिद्ध होतो आणि शेवटी मेगारा नावाच्या मुलीसाठी स्वतःचा जीव पणाला लावतो, तेव्हा खरा वीर ठरतो.

आता ग्रीकांची गोष्ट बघा. तिथे हा मुलगा हेराचा नाहीच. झ्यूसने अल्कमीनी नावाच्या विवाहितेला तिच्याच नवऱ्याचं रूप घेऊन फसवलं, त्यातून तो झाला. हेराचा संताप तिथला. नवऱ्याला शासन करता येत नाही, म्हणून ती राग मुलावर काढते. पाळण्यात दोन साप सोडते. त्याचं ग्रीक नाव हेराक्लीस. त्याचा अर्थ ‘हेराची कीर्ती’, आणि तीच त्याची जन्माची वैरीण. हर्क्युलिस हे पुढे रोमन लोकांनी केलेलं रूप.

चित्रपटाने हा सगळा घरगुती तंटा पुसून टाकला. हेरा गुलाबी वस्त्रातली हसरी आई झाली आणि झ्यूस प्रेमळ बाप. मुलांच्या चित्रपटात व्यभिचार दाखवू नये, हे मला मान्य आहे. पण नवऱ्याने फसवलेल्या बाईचा प्रश्न असा सुटला, की ती फसवली गेलीच नाही! बाई म्हणून हे वाचताना जरा हसू येतं आणि जरा टोचतंही. उलट मेगाराला चित्रपटाने पुष्कळ दिलंय. जुन्या कथांत ती बहुधा नुसती सोसणारी. इथे तिला तिखट जीभ आहे, फसवणुकीचा अनुभव आहे, स्वतःचं मत आहे. म्हणजे एका बाईकडचं काढून घेतलं आणि दुसरीच्या पदरात टाकलं.

हेडीसवर मात्र अन्याय झालाय. ग्रीकांचा हेडीस सैतान नव्हे. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं. झ्यूसला आकाश आलं, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला मृतांचं राज्य. तो कठोर आहे, पण कपटी नाही. हेराक्लीस त्याच्या दारचा तीन डोक्यांचा कुत्रा मागायला जातो, तेव्हा तो म्हणतो, शस्त्र न वापरता धरता आला तर घेऊन जा. चित्रपटाला खलनायक हवा होता, म्हणून मरणाचा कारभार बघणाऱ्यालाच दुष्ट ठरवलं. मरण म्हणजेच वाईट, असं मूल यातून शिकतं. समाधिमरणाला मान देणाऱ्या घरात हे पचायला जड आहे.

पण यापेक्षाही मोठी एक गोष्ट चित्रपटाने गाळली. माझ्या लेखी खरा प्रश्न तिथे आहे.

हेराक्लीसचं मेगाराशी लग्न होतं, मुलं होतात. मग हेरा त्याच्या डोक्यात वेड घालते आणि त्या वेडाच्या भरात तो स्वतःची मुलं मारतो. काही कथनांत मेगाराही त्याच्याच हातून मरते. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीला जातो. तिथे देववाणी होते, की बारा वर्षं युरिस्थियस राजाची चाकरी कर आणि तो सांगेल ती कामं कर. जगप्रसिद्ध बारा कामं ती हीच. नेमियाचा सिंह मारला, हायड्रा मारली, ऑजियसच्या गोठ्यातलं साचलेलं शेण नदीचं पाणी वळवून एका दिवसात धुतलं. एका जुन्या संकलनात यातला सुरेख तपशील आहे. मुळात कामं दहाच ठरली होती. हायड्रा मारताना पुतण्याने मदत केली म्हणून राजाने ते काम धरलं नाही. गोठ्याबद्दल मजुरी ठरवली होती म्हणून तेही धरलं नाही. अशी दोन वाढली आणि बारा झाली. प्रायश्चित्त दुसऱ्याच्या हाताने होत नाही, आणि त्याची मजुरी घेतली तर ते प्रायश्चित्त राहत नाही. मंदिरातल्या शास्त्रवाचनात शोभावी अशी ही गोष्ट आहे.

चित्रपटात पराक्रम राहिले आणि त्यांचं कारण गेलं. राक्षस मारायचे ते नाव कमवायला. हर्क्युलिसच्या नावाच्या चपला निघतात, पेयं निघतात, चाहते मागे धावतात. चित्रपटाने याची थट्टाच केली आहे, हे कबूल करायला हवं. झ्यूस मुलाला सांगतो, की प्रसिद्ध होणं वेगळं आणि खरा वीर होणं वेगळं. शिकवण चांगलीच आहे. पण ग्रीकांच्या वीराला वीर का व्हावं लागलं, ते आता कुणाला कळणार नाही.

माझी नात सहावीत असताना शाळेच्या ग्रंथालयातून ग्रीक कथांचं पुस्तक घेऊन आली. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आज्जी, यात हर्क्युलिस स्वतःच्या मुलांना मारतो. सिनेमात तसं नाहीये. खरं कुठलं?” मी सांगितलं, जुनी गोष्ट पुस्तकातली आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, “पण त्याला वेड लागलं होतं ना? मग शिक्षा कशाला?”

या प्रश्नावर ग्रीकांनी नाटकं लिहिली आहेत. युरिपिडीसच्या ‘हेराक्लीस’ नाटकात कामं आधी होतात आणि मुलांची हत्या नंतर. म्हणजे क्रम उलटा करायचं स्वातंत्र्य खुद्द ग्रीक कवीनेही घेतलं. शुद्धीवर आलेला वीर डोक्यावरून वस्त्र ओढून बसतो. आपल्याकडे नुसतं बघितलं तरी दुसऱ्याला पाप लागेल, अशी त्याला भीती आहे. त्याला मरायचं आहे. मित्र थिसियस येतो, त्याचं तोंड उघडं करतो आणि विटाळाची पर्वा न करता हात देतो. मरण्यापेक्षा जगणं अवघड आहे, ते पत्कर, असं त्याला पटवून सोबत अथेन्सला नेतो. बारा राक्षस मारण्यापेक्षा हे उठून उभं राहणं मला मोठं वाटतं.

नातीला मी आपल्याकडची यशोधर राजाची कथा सांगितली. सीमाभागातल्या आपल्या घरांना ती दोन्ही भाषांतून माहीत असते, कन्नडमध्ये तर जन्न कवीचं त्यावर काव्यच आहे. राजा प्राण्याचा बळी द्यायला तयार नसतो. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून बळी देतो. जीव एकही गेला नाही, पण मारण्याचा भाव मनात आला, म्हणून मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागलं. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिकडे हत्या झाली, पण मन ताब्यात नव्हतं. इकडे मन होतं, पण हत्या झाली नाही. आपलं शास्त्र भावावर बोट ठेवतं, ग्रीक हाताला लागलेल्या रक्तावर. मला विचाराल तर या बाबतीत आपला विचार अधिक सूक्ष्म आहे. पण ग्रीकांचंही एक म्हणणं सोडवत नाही. माझ्या हातून घडलं ते मी भोगीन, ‘मी शुद्धीत नव्हतो’ एवढं सांगून मोकळा होणार नाही, हे हेराक्लीसचं उत्तर आहे. प्रतिक्रमणाला बसताना आपणही नकळत दुखावलेल्या जिवांची क्षमा मागतोच की.

स्वाध्याय मंडळातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं, की मुलांच्या कानावर असलं काही पडूच नये, चांगलं तेवढंच द्यावं. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात हेच मांडलं आहे. देवांच्या भांडणाच्या, बापलेकांच्या वैराच्या गोष्टी कोवळ्या मुलांना सांगूच नयेत, कारण त्या वयात बसलेला ठसा पुसत नाही. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४७६ मध्ये, पिंडर या कवीने देवांना नरमांस खाऊ घातल्याची कथा नाकारली आणि वेगळी सांगितली. तेव्हा डिस्नेने पुराण बाटवलं म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. ग्रीक स्वतःच त्यात हात घालत होते.

आणि आपण तरी वेगळं काय केलं? विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात ‘पउमचरिय’ लिहिलं. राजा श्रेणिकाला लोकांत चालणाऱ्या रामकथेविषयी शंका येतात आणि गौतम गणधर त्याला कथा सांगतात. तिथे रावणाला दहा तोंडं नाहीत, गळ्यातल्या हारात प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशमुख. वानर म्हणजे विद्याधर. रावणाला मारतो लक्ष्मण, राम नव्हे. हे बदल काही लहान नाहीत.

पण फरक बघा. आपल्या आचार्यांनी मारणारा हात बदलला, मारणं लपवलं नाही. ज्याने मारलं त्या लक्ष्मणाला नरकगती मिळाली आणि राम मोक्षाला गेला. लाडका भाऊ म्हणून लक्ष्मणाला सूट मिळाली नाही. कथा बदलली, पण कर्म आणि फळ यांना बांधणारी गाठ तशीच राहिली. डिस्नेने नेमकी तीच गाठ सोडली आणि कथेचं बाकी सामान ठेवलं.

म्हणून मी मोजपट्टी लावते ती एवढीच. पाच वर्षांच्या मुलापुढून रक्त काढा, व्यभिचार काढा, चेहरे गोड करा, काही बिघडत नाही. पण चूक आणि तिची भरपाई ही जोडी तोडू नका. मुलांची हत्या सांगायची नसेल तर ‘त्याच्या हातून फार मोठी चूक झाली आणि ती निस्तरायला तो बारा वर्षं राबला’ एवढं एक वाक्य पुरे. मूल घाबरत नाही. स्वतःच्या हातून काही फुटलं, कुणाला लागलं, म्हणजे त्याला हे वाक्य उपयोगी पडतं. ज्या वीराच्या हातून कधी काही चुकलंच नाही, त्याच्याकडे जाऊन मूल काय विचारणार?

चित्रपट बंद करा असं मी सांगत नाही. शेवटी तो मेगाराचा जीव आणायला पाताळात उडी घेतो, ते बघून मला जुना हेराक्लीसच आठवतो. दुसऱ्या एका कथेत तो मित्राच्या मेलेल्या बायकोसाठी, अल्सेस्टिससाठी, साक्षात मृत्यूशी कुस्ती खेळतो. तेवढा धागा त्यांनी, जाणून म्हणा की न जाणून, राखला आहे. मुलांबरोबर बसून बघा, गाण्यांना हसा. फक्त उठताना एवढं सांगा, की ही गोष्ट इतकीच नाही, उरलेली तू मोठी झालीस की सांगेन. आणि ती मोठी झाली, की विसरू नका.