सुंदर रंग व बेडीतील पाय

घोर क्रौर्य सुंदर रंगांत रंगविणे योग्य आहे काय? इंग्रज चित्रकार टर्नर ह्याने १८४० साली काढिलेले गुलामांच्या गलबताचे चित्र अमेरिकेत बोस्टन येथील कलासंग्रहालयात आहे. प्रथम दिसतो तो लालभडक सूर्यास्त व खवळलेला समुद्र. मग लाटांत बेडी अडकलेला एक पाय. वादळापूर्वी मेलेले व मरणोन्मुख गुलाम पाण्यात टाकिले आहेत. १७८१ साली झाँग नामक गलबतावरून १३० हून अधिक गुलाम असेच फेकिले गेले, व मालकांनी बुडालेल्या मालाप्रमाणे त्यांच्या विम्याचे पैसे मागितले! आमच्या मते टर्नरने सौंदर्याने क्रौर्य झाकिले नाही. सौंदर्याने डोळा थांबविला, म्हणून तो पाय दिसला. दोष आहे तो आकाश तेवढे पाहून पुढे जाणाऱ्याचा. आपणही तसेच जात नाही ना?