नमस्कार

पुण्यात एक मुलगी होती. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. रोज पहाटे ती वेताळ टेकडीवर पळायला जायची.

ही शहरातली सगळ्यात उंच टेकडी. कुणी गोखलेनगरकडून चढतं, कुणी कोथरूडकडून, कुणी लॉ कॉलेजकडून. मुलगीही एका वाटेनं चढायची आणि वर पोचली की दोन्ही कानांत गाणी लावून पळत सुटायची.

वाटेत एक आजी भेटायच्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर आणि हातात काठी. सोबत तीन-चार म्हातारी माणसं. आजी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणायच्या, "नमस्कार!" मुलीच्या कानात गाणं असायचं. ती न बघताच पुढे निघून जायची.

डिसेंबर उजाडला. सूर्य सातच्या सुमाराला उगवू लागला, पण मुलीची वेळ सहाचीच राहिली. एके दिवशी तिनं अंधारातच आजींना मागे टाकलं आणि जुन्या खाणीकडच्या वाटेला लागली. गिरिपुष्पाच्या झाडीपाशी एक माणूस हात हलवत उभा होता. ती थांबली. कानातले इअरफोन काढले.

"ताई, माझा मोबाइल बंद पडलाय. तुमच्यावरून एक फोन करू द्या ना."

अडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात झाडीच्या पलीकडून टिटवीचा आवाज आला. एकसारखा, कर्कश. टिटवी बराच वेळ ओरडत असावी. मुलीला ते ओरडणं आता ऐकू आलं.

तिनं नीट पाहिलं. माणसाच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता. टेकडी चढून आलेल्याला लागतो तसा दमही त्याला लागलेला नव्हता. आणि टिटवी ओरडत होती तिथल्या फांद्या हलत होत्या. तिथं आणखी कुणीतरी होतं.

ती दोन पावलं मागे सरली. माणूस दोन पावलं पुढे आला.

मुलीला टेकडीवरच्या कुणाचंच नाव माहीत नव्हतं. ती वळली, आल्या वाटेनं पळत सुटली आणि पोटातून ओरडली, "आजीऽऽ!"

वळणापलीकडून लगेच उत्तर आलं, "आलोच गं!" पाठोपाठ दगडांवर काठ्यांची टकटक ऐकू आली. मुलीनं मागे वळून पाहिलं, तेव्हा दोघं जण खाणीच्या अंगानं उतरून दिसेनासे होत होते.

आजींनी तिला खडकावर बसवलं आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. एका आजोबांनी ११२ला फोन लावला आणि ते दोघं कसे दिसत होते, कुठल्या बाजूला गेले, ते तिला विचारून सांगितलं. मुलीचे हात थरथरत होते.

"त्याला नाही म्हणायला मला कसंतरीच वाटलं," ती म्हणाली.

आजी हसल्या. "अगं, ज्याची कधी ओळख नाही त्याला नाही म्हणताना तुला संकोच वाटला. आणि मी रोज नमस्कार करते, तो न घेता जाताना नाही वाटला होय?"

मुलगीही रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडल्यावर येऊ लागली. गाणी घरी राहिली. चढून आल्यावर ती आधी आजींपाशी थांबायची. "नमस्कार आजी. आज खाणीकडून जाते, पाऊण तासात परत येते." पाऊण तासाला पाच मिनिटं जास्त झाली, तर आजी काठी उचलून वाटेकडे बघत उभ्या राहायच्या.

चांगुलपणा म्हणजे हाक मारेल त्याच्यापाशी थांबणं नव्हे. मनात शंका आली की थांबू नये, आणि त्यासाठी माफीही मागू नये. थांबायचं असतं ते रोजच्या वाटेवरच्या माणसांपाशी, घटकाभर, नमस्कारापुरतं. एकटं पळणाऱ्याची वाट बघणारं कुणीतरी असलं, की तो तितकासा एकटा राहत नाही.