पंचाची चूक आणि क्षमेची किंमत



चूक कबूल झाली, क्षमाही मागितली गेली. परंतु जे गेले ते परत येणार नसेल, तर त्या क्षमेचा उपयोग काय? शब्बाथ शाळेत एखादा चुणचुणीत मुलगा हे उघड विचारतो. मोठी माणसे मनातल्या मनात विचारतात. याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर जात आहोत.

क्रिकेट जाणणाऱ्यास हा खेळ अवघड नाही. गोलंदाजाच्या जागी येथे पिचर असतो. तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. फलंदाजाने चेंडू जमिनीवरून टोलवला, तर त्याला पहिल्या बेसकडे धावावे लागते. त्याच्या आधी चेंडू तेथील खेळाडूच्या हाती आला, तर तो बाद. तीन गडी बाद झाले की डाव संपतो, आणि प्रत्येक संघाचे नऊ डाव असतात. या एकूण २७ गड्यांपैकी एकासही पहिल्या बेसवर टिकू दिले नाही, तर त्यास 'परफेक्ट गेम' म्हणतात. १८८० पासून मे २०१० अखेरपर्यंत वरिष्ठ दर्जाच्या स्पर्धांत असे केवळ २० सामने झाले होते. कसोटीच्या एका डावात दहाही बळी लेकर, कुंबळे व एजाज पटेल या तिघांनीच घेतले आहेत. त्या मोलाचीच ही गोष्ट.

२ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे व्हेनेझुएलाचा पिचर आर्मान्डो गॅलरागा या मानाच्या उंबरठ्यावर उभा होता. क्लीव्हलँडचे २६ गडी ओळीने बाद झाले होते. सत्ताविसाव्याचा फटका अडवला गेला आणि चेंडू पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलरागाच्याच हाती वेळेआधी पोहोचला. परंतु पंच जिम जॉइस यांनी फलंदाजास नाबाद ठरवले. प्रेक्षक खवळले. गॅलरागा मात्र किंचित हसला, परत जागेवर गेला आणि पुढचा गडी बाद करून सामना जिंकला. पण तो मान हुकला तो हुकलाच.

जॉइस वीस वर्षांहून अधिक अनुभवाचे पंच. सामन्यानंतर त्यांनी चित्रफीत पाहिली. 'पंचाचा शब्द अंतिम' या नियमाआड त्यांना सहज लपता आले असते. त्यांनी आपली चूक पत्रकारांपुढे उघड मान्य केली आणि गॅलरागास भेटून रडत क्षमा मागितली. त्याने त्यांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्यांना सुटीची मुभा होती, तरी ते कामावर उभे राहिले. संघाची यादी पंचांच्या हाती द्यावयास गॅलरागाच आला. जॉइस डोळे पुसत होते, आणि डेट्रॉइटच्या प्रेक्षकांतून टाळ्या पडत होत्या.

खेळाचे मुख्य अधिकारी बड सेलिग यांनी निकाल मात्र बदलला नाही.

१९८० साली मुंबईच्या कसोटीत आपल्या गुंडप्पा विश्वनाथांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावले. इंग्लंडचा डाव सावरला आणि भारत तो सामना हरला. तेथे चूक तत्काळ सुधारता आली, पण तिची किंमत विश्वनाथांच्या संघाने भरली. डेट्रॉइटला सुधारणेची वाटच नव्हती. किंमत गॅलरागाने भरली, आणि ती दुसऱ्याच्या नावावर मांडून ठेवली नाही.

आमच्या मते क्षमेचा अर्थ हाच. नुकसान भरून मिळाले असते, तर क्षमा करावयास फारसे उरलेच नसते. जे परत मिळत नाही, त्याचाच भार क्षमा करणारा आपल्या अंगावर घेतो.

परंतु येथील क्रम ध्यानात घ्यावा. आधी जॉइसनी चूक पदरात घेतली. गॅलरागास कोणी 'विसरून जा' म्हणून दटावले नाही. आपल्या घरांत आणि मंडळ्यांत बहुधा उलट घडते. चुकणारा गप्प बसतो, आणि दुखावलेल्यास आपण मोठ्या मनाचा उपदेश करतो. ती क्षमा नव्हे, तो दुसरा अन्याय होय.

शिवाय, क्षमा झाली म्हणून सुधारणेचे काम टळत नाही. २०१४ पासून बेसबॉलमध्ये असे निर्णय चित्रफितीवरून तपासले जाऊ लागले.

तेव्हा त्या चुणचुणीत मुलास आपण खरे सांगावे: बाळ, गेलेले नेहमी परत येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती दोन माणसे एकाच मैदानावर समोरासमोर उभी राहू शकली. हे थोडे आहे काय?