‘मला आवडले’ : एका विधानाचे दायित्व

‘मला हे आवडले’ हे विधान समीक्षेत फारसे प्रतिष्ठित नाही. आस्वादक समीक्षेवर जे आक्षेप घेतले गेले त्यांचा रोख बहुधा याच विधानावर होता. ते तपासता येत नाही, म्हणून ते खोटेही ठरवता येत नाही. आणि जे खोटे ठरूच शकत नाही त्याला ज्ञानव्यवहारात स्थान कसे द्यावयाचे? कांटने ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत भेद केला तो याच अडचणीपोटी. एखादे पेय मला सुखद वाटते असे म्हणताना मी इतरांच्या संमतीची अपेक्षा करीत नाही; एखादी कृती सुंदर आहे असे म्हणताना मात्र मी सर्वांच्या वतीने बोलू पाहतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) ही चर्चा मराठी वाचकाच्या परिचयाची झालेली आहे, तिची उजळणी येथे करावयाची नाही. मला पडलेला प्रश्न अधिक साधा आणि अधिक अडचणीचा आहे. ‘मला आवडले’ किंवा ‘मला आवडले नाही’ हे विधान न्याय्य किंवा अन्याय्यही असू शकते का? श्रोता एखाद्या ध्वनिमुद्रिकेचे काही देणे लागतो का?

हा प्रश्न मला ग्रंथांत भेटला नाही. तो धसईत भेटला. मुरबाड तालुक्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे हे भातशेतीचे गाव. २०१६च्या डिसेंबरात राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत गाजले ते हेच. मी तेथे शिक्षक होतो तेव्हा रोकडही बेताचीच होती आणि तिच्यातला एक वाटा कॅसेटींवर जात असे. कल्याणला जाऊन कॅसेटी आणावयाच्या, एस.टी.च्या धक्क्यांतून त्या सांभाळीत मुरबाडमार्गे परतावयाचे आणि रात्री एकट्याने ऐकावयाचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. संग्रहाला काही शिस्त नव्हती. किशोरी आमोणकरांचा भूप होता, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने होती, भीमसेनांचे अभंग होते. मुंबईच्या एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटींवर माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, ग्लेन गूल्डने वाजविलेला बाख आणि बीटल्स होते. या शेवटच्या मंडळींविषयी मला कोणी काही शिकविले नव्हते. त्यामुळे त्यांच्यासंबंधी माझ्यापाशी केवळ प्रतिक्रिया होत्या, मते नव्हती. आणि ही अवस्था आज वाटते तितकी वाईट नव्हती.

पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसे. मग टेपरेकॉर्डर सेलवर चाले. अशाच एका श्रावणातल्या रात्री मी किशोरीबाईंचा भूप ऐकला आणि तो पूर्वी कधीच ऐकला नव्हता असे वाटले. स्वर खाली उतरलेला, गंधारावरचा मुक्काम लांबलेला, आवाजाला एक जड, पिकलेला पोत आलेला. पाच स्वरांच्या त्या रागात एवढे ओझे मावू शकते याची मला कल्पना नव्हती. पुढे काही महिन्यांनी कल्याणच्या एका छोट्या अभ्यासमंडळात बोलताना मी या ध्वनिमुद्रणाविषयी काहीशा उत्साहाने म्हणालो की, किशोरीबाईंनी येथे भूपाला वार्धक्य दिले आहे. व्याख्यान संपल्यावर यजमानांनी आपल्या घरच्या चांगल्या यंत्रावर तेच ध्वनिमुद्रण लावले. त्यात वार्धक्य कोठेच नव्हते. होता तो एक निर्मळ, तेजस्वी, ऐन भरातला आवाज. मी जे ऐकले होते ते उतरत्या सेलचे काम होते. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकावी लागते. सेल अशक्त झाले की मोटर मंदावते, आणि वेग शेकडा सहाने घटला की सगळे गाणे अर्धस्वराने खाली येते. त्या सभेत कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

आता येथे काय घडले असे म्हणावयाचे? एक उत्तर सरळ आहे : माझी प्रतिक्रिया चुकीच्या वस्तूला दिलेली होती, म्हणून ती रद्द. परंतु हे उत्तर तपासू लागलो की हातातून निसटते. ‘काइंड ऑफ ब्लू’चेच पाहा. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवशी हे ध्वनिमुद्रण झाले. पहिल्या दिवशी मुख्य ध्वनिमुद्रण-यंत्र किंचित मंद चालत होते. परिणामी तबकडीची पहिली बाजू वाजताना प्रत्यक्ष वादनापेक्षा किंचित चढी ऐकू येई. ही चूक १९९२च्या आवृत्तीत प्रथम दुरुस्त झाली. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ जगभरच्या रसिकांनी ज्या कृतीला अभिजात म्हटले, तिच्याबरोबर वाजवून जिचे अनुकरण केले, ती त्या खोलीत वाजलेली कृती नव्हतीच. त्या सर्वांच्या प्रतिक्रिया रद्द करावयाच्या का? आणि गूल्डने बाखचे ‘गोल्डबर्ग’ १९५५ साली मुद्रित केले ते सुमारे अडतीस मिनिटांचे, १९८१ साली पुन्हा केले ते सुमारे एक्कावन्न मिनिटांचे. येथे तर यंत्राचा दोष नाही. वादक एकच, रचना एकच, आणि तरीही दुसऱ्या वेळी वार्धक्य खरोखरच आलेले आहे. (पन्नाशीत गूल्ड गेला, पुढच्याच वर्षी.)

तेव्हा रद्द करावयाची ती प्रतिक्रिया नव्हे. त्या रात्री मला जे झाले ते झाले. ते नाकारणे हा खोटेपणा ठरेल. दोष होता तो त्या अनुभवाचे श्रेय, आणि म्हणून जबाबदारीही, किशोरीबाईंवर टाकण्यात. ‘मला असे वाटले’ यापासून ‘त्यांनी असे केले’ येथपर्यंतचे अंतर मी एका वाक्यात ओलांडले, आणि वाटेत सेल पाहिले नाहीत. समीक्षेतील बरीचशी विधाने याच वाटेने प्रवास करीत असावीत असा मला संशय आहे.

येथपर्यंत प्रकरण विनोदी आहे. पुढचे नाही.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतली जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांत एक ‘निजसुखादिविवशीभाव’ आहे : प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाने इतका ग्रासलेला असतो की समोरचे त्याला दिसत नाही. या विघ्नाचा अर्थ आपण साधारणतः तात्कालिक घेतो. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याचे नाटकात मन रमत नाही, इतकेच. मला वाटते, त्याचा आवाका याहून मोठा आहे. आपण ज्या घरात, ज्या आळीत, ज्या जातीत वाढलो तिथल्या सुखदुःखांनीही आपण विवश असतो, फरक एवढाच की ती विवशता आपल्याला विवशता म्हणून जाणवत नाही. तिला आपण अभिरुची म्हणतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांनी गाणी आणावीत असे ठरले होते. आठवीतला एक मुलगा प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांची कॅसेट घेऊन आला. मी ती दोन मिनिटे वाजविली आणि ‘फार कर्कश आहे रे हे’ असे म्हणून परत केली. त्याऐवजी भावगीते लावली गेली. मुलगा ‘बरं सर’ म्हणाला आणि कॅसेट खिशात घालून गेला. वादविवाद नाही, तक्रार नाही. मला त्या वेळी यात काही वावगे वाटले नाही. उलट मुलांच्या कानांना वळण लावणे हे माझे कामच आहे, अशी माझी समजूत होती.

‘कर्कश’ हा शब्द नीट पाहण्याजोगा आहे. तो ध्वनीचा गुण सांगतो असे दिसते. परंतु प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकला होता तो कोठे? एस.टी. थांब्याजवळच्या हॉटेलातल्या फाटक्या स्पीकरवर आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कर्ण्यावर. म्हणजे येथेही यंत्रच होते; आणि भूपाच्या बाबतीत यंत्राचा दोष मी कलावंताच्या खात्यावर श्रेय म्हणून मांडला, तर येथे अपराध म्हणून. हा योगायोग नव्हे. बिघडलेले यंत्र दोन्हीकडे होते; कोणाच्या वाट्याला गहनता यावी आणि कोणाच्या वाट्याला कर्कशता, हे आधीच ठरलेले होते, आणि ते ठरविणारे काही माझ्या कानांत नव्हते. शिवाय एक गोष्ट अशी की, याच गायकाची विठ्ठलाची गाणी एकादशीला गावभर वाजत आणि त्यांना मी कधी कर्कश म्हटल्याचे आठवत नाही. कर्णा तोच, आवाज तोच.

पुढे काही वर्षांनी मी ती कॅसेट स्वतः विकत आणली आणि नवे सेल घालून, दार लावून ऐकली. (दार का लावले, हाही प्रश्नच आहे.) कव्वालीच्या वळणाचा, मोकळ्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचावयास घडविलेला तो आवाज. शब्द ओळीच्या शेवटी न पडता अखेरपर्यंत ताठ उभा राहतो. साथीदारांचा झेल येतो तो आधार म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. ज्या गाण्याला मैफलीच्या खोलीचा आश्रय कधी मिळालाच नाही त्याने खोलीच्या मोजमापाने मृदू असावे, ही अपेक्षा मी कोठून आणली होती?

ती कॅसेट मला आवडली का? काही गाणी आवडली, काही आवडली नाहीत. हे मुद्दाम नमूद करतो, कारण प्रायश्चित्त म्हणून आवडून घेणे हा दुसरा अप्रामाणिकपणा असतो आणि अलीकडे तो बराच रूढ झाला आहे. आवडण्याचे कर्तव्य कोणावर लादता येत नाही. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चे मोठेपण मी मान्य करतो, पण मला ते आजही दूरचे वाटते, त्यात मला अपराधी वाटत नाही, कारण मी ते अनेकदा ऐकले आहे. त्या मुलाची कॅसेट मी दोनच मिनिटे ऐकली होती. देणे असलेच तर ते ऐकण्याचे असते, आणि ते मी बुडविले होते. सौंदर्यविषयक निर्णयाला सर्वांच्या संमतीची अपेक्षा असते हे कांटचे म्हणणे मान्य केले, तर ज्यांची संमती गृहीत धरावयाची त्या ‘सर्वां’त आठवीतला तो मुलगा होता की नव्हता, एवढे तरी विचारावेच लागते.

उलट बाजूची एक आठवण आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका डोंगरातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळा साधून सांगते. ती मी एकदा ओट्यावर बसून ऐकत असताना ठाकूरवाडीतला एक गुराखी पायरीवर टेकला होता. त्याला मी ही कल्पना समजावून सांगितली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘चांगलं हाय. पण याची मेंढरं कुणाच्या शेतात शिरत नाहीत वाटतं.’ पूर्वी हा किस्सा मी गमतीने सांगत असे. आता वाटते, त्या कृतीविषयी मी वाचलेल्या प्रशस्तींत एवढे नेमके वाक्य नाही. त्याने ती नाकारली नाही, बासरीला दादही दिली. फक्त त्या दिवसातून काय वगळले आहे ते सांगितले. तसे सांगण्याचा अधिकार त्याला त्याच्या दिवसाने दिला होता. म्हणजे निजसुखदुःख हे प्रत्येक वेळी विघ्नच असते असेही नाही. अभिनवगुप्ताचा येथे मान राखून एवढा मतभेद मी नोंदवू इच्छितो. त्याचे दुःख त्याला ऐकू देत होते. माझे सुख मला ऐकू देत नव्हते.

लहानपणी भीमसेन जोशींनी एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकली आणि पुढे गुरूच्या शोधात घर सोडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपण ती प्रतिभेची कथा म्हणून सांगतो. मला ती ‘मला आवडले’ या विधानाचे मोल चुकते करणाऱ्या माणसाची कथाही वाटते. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, दुकानातले यंत्र, रस्त्यावरचा गलबला. दोष त्या ऐकण्यातही असणारच.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात धाडण्यात आली तिच्यावर बाख आहे, चक बेरी आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सोबत सुई दिलेली आहे आणि आवरणावर तबकडी कोणत्या वेगाने फिरवावी याची आकृती कोरली आहे. तो वेग हायड्रोजनच्या अणूतील एका संक्रमणाचा काळ हे एकक धरून सांगितला आहे, म्हणजे मिनिट आणि सेकंद ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही केसरबाईंचा षड्ज जागच्या जागी मिळावा. असा श्रोता असेल की नाही हे ज्यांना माहीत नव्हते त्यांनी एवढी काळजी घेतली. मी मात्र समोर उभ्या असलेल्या मुलाला विचारले नाही की, ‘तुझ्या घरी हे कसे ऐकू येते?’

आता फोनवर सगळेच मिळते. मध्यंतरी मी किशोरीबाईंचा तो भूप शोधून वेग कमी करून पाहिला. गाणे संथ झाले, पण स्वर खाली आला नाही. वेग बदलला तरी पट्टी तीच राहावी अशी सोय त्यात केलेली असते. त्या श्रावणातले सेल मी केव्हाच फेकून दिले आहेत. तो मुलगा आता भिवंडीच्या बाजूला कोठेतरी नोकरीला आहे असे ऐकतो.