कळंब आणि कलांबा

धाराशिव, तुळजापूर, कळंब या पट्ट्यात जमिनीचा व्यवहार ठरत आला की एखादा जाणता माणूस हमखास विचारतो, “मदतमाश-खिदमतमाश तर नाही ना?” हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. मदतमाश म्हणजे कुणाच्या निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद, दर्गा किंवा मठ यांच्या सेवेसाठी, दिवाबत्ती, पूजा, बांग, झाडलोट यांसाठी दिलेली जमीन. शब्द निजामाच्या दफ्तरातले आहेत. राजवट जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ म्हणून त्यांची सावली उरली आहे. म्हातारी माणसे एका वाक्यात सांगून मोकळी होतात : “देवाची जमीन आहे ती.”

देवाची जमीन म्हणजे नेमके काय, हा विचार मी गांभीर्याने करू लागलो तो एका परक्या देशातल्या माणसाचे चरित्र वाचताना. फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल १९ जून १८६१ रोजी कलांबा नावाच्या गावात जन्मला. आपल्या कळंबशी त्या नावाचे काही नाते नाही, पण त्या सारखेपणानेच मी पुस्तकात अडकलो आणि पुढे कलांबाच्या शेतीची हकीकत वाचताना पुन्हापुन्हा आपल्याच जिल्ह्यात येऊन पोहोचलो.

कलांबा गावच्या गाव डॉमिनिकन संन्याशांच्या मालकीच्या जमिनीवर वसलेले होते. आधी ती जागीर जेझुइटांची. तेव्हा फिलिपिन्सवर राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाने त्यांना हाकलल्यावर ती सरकारजमा झाली, मग एका खाजगी मालकाकडे गेली आणि १८३३ मध्ये डॉमिनिकनांनी घेतली. रिझालचे वडील फ्रान्सिस्को मेर्कादो हे या जागिरीतले मोठे कूळ. गावात दगडी घर, घरात शेकडो ग्रंथ, शेतात ऊस आणि भात. स्वतः राबणारे कसामा म्हणजे बटईवाले त्यांच्याही खाली होते. आई तेओदोरा शिकलेली. अकरा भावंडांतल्या या सातव्या मुलाला पहिली अक्षरे तिनेच शिकवली. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाची गोष्ट तिने एका रात्री त्याला वाचून दाखवली आणि ती त्याच्या मनात कायमची राहिली.

मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना याच आईवर भावजयीला विष घालण्याच्या कटाचा खोटा आरोप आला. कलांबापासून सांता क्रूझच्या तुरुंगापर्यंत जवळपास पन्नास किलोमीटर तिला पायी चालवत नेले आणि अडीच वर्षे डांबून ठेवले. त्याच काळात, १७ फेब्रुवारी १८७२ रोजी, मनिलात तीन देशी पाद्र्यांना गॅरट यंत्रात गळा आवळून मारण्यात आले. देशी पाद्र्यांना चर्चमध्ये बरोबरीचा हक्क असावा, असे म्हणणारी ही माणसे. त्यांतले फादर बुर्गोस हे रिझालच्या थोरल्या भावाचे, पासियानोचे गुरू. पुढे रिझालने आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली. हा मुलगा धर्मद्वेष्टा झाला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याचा राग देवावर नव्हता. देवाच्या नावाने खंड घेणाऱ्या आणि त्याचा हिशेब न देणाऱ्या व्यवस्थेवर होता.

आता आपल्याकडे पाहू. जुन्या दानपत्रांत जमीन ‘आचंद्रार्क’ म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत दिली जाई. पण राजा नेमके काय देत होता? शेत तर आधीच कुणीतरी कसत होते. राजा देत होता तो स्वतःचा वाटा, पिकातून त्याला मिळणारा महसूल. तो राजवाड्यात न जाता देवाच्या दिव्याकडे जावा, एवढाच दानाचा अर्थ. माती कसणाऱ्याकडेच राही. या व्यवस्थेत जबरदस्ती नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण ‘वाटा’ आणि ‘मालकी’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा ठाऊक होते. त्यांची सरमिसळ झाली ती मोजणी, नकाशा आणि नोंदवही आल्यावर. नोंदवहीला एका तुकड्यापुढे एकच नाव हवे असते. ज्याला वाटा मिळत होता त्याचे नाव लिहिले गेले, ज्याने नांगर धरला त्याचे बहुधा राहून गेले.

आपल्या भागात हे काम कधी सुरू झाले, याचा एक धागा नळदुर्गला सापडतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात दिला. तो १८६० मध्ये परत आला. या मधल्या वर्षांत नळदुर्गला कारभारी म्हणून आलेल्या कॅप्टन मेडोज टेलरने जमिनीची मोजणी आणि आकारणी हाती घेतली. माणूस सहृदय होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. पण सहृदय माणसाच्या हातचा कागदसुद्धा कागदच राहतो.

निजामाच्या दफ्तराने तो कागद आणखी पक्का केला. इनामाची खात्री करून मुंतखब म्हणजे मान्यतेचे आदेश निघत, धार्मिक संस्थांचा कारभार ‘उमूर-ए-मजहबी’ या खात्याकडे असे आणि १९०९ मध्ये तुळजाभवानी मंदिरासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ हे नियम झाले. मुसलमान राज्यकर्त्याने हिंदू देवस्थानांची इनामे चालू ठेवली, याचा उल्लेख कुणी कौतुकाने करते, कुणी नाक मुरडून. मला दोन्हीत रस नाही. कुळाच्या दृष्टीने इनामदार कोणत्या धर्माचा, हा प्रश्न दुय्यम होता. गोव्यात तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडून त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले. त्या जमिनीवरचा देव बदलला, पण राबणारी माणसे तीच राहिली.

कलांबात हा प्रश्न पहिल्यांदा उघड विचारला गेला तो १८८८ मध्ये. सरकारने जागिरीच्या उत्पन्नाची चौकशी लावली. युरोपातून परतलेल्या रिझालने गावकऱ्यांना धरून उत्तरे लिहून काढली : खंड वाढत गेला, वहितीखाली जमीन आणली कुळांनी, शाळा किंवा सणासाठी जागिरीने काही दिले नाही. आणि मग मुख्य गोष्ट : मालकीचा कागद दाखवा. इतिहासात अनेक बंडे झाली असतील, पण शेतकऱ्यांनी संन्याशांना शांतपणे ‘दस्त दाखवा’ म्हणणे हे मला कोणत्याही बंडाहून मोठे वाटते. पुढे खंड थांबला, खटले चालले. १८९० मध्ये सैनिक आले, कुटुंबांना घराबाहेर काढले, रिझालच्या भावाला आणि मेहुण्यांना मिंडोरो बेटावर हद्दपार केले. उद्ध्वस्त कलांबाकरांना बोर्निओत वसवण्याचे रिझालचे प्रयत्नही फळले नाहीत. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची पहिली कादंबरी ‘नोली मे तांगेरे’ १८८७ ची, तर महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली ही दोन माणसे चार वर्षांच्या अंतराने एकच हिशेब मागत होती.

मराठवाड्यात तो हिशेब उशिरा मागितला गेला. हैदराबाद संस्थानातली ढोबळमानाने दहा भागांपैकी चार भाग जमीन सरकारी खालशाबाहेर होती : जागिरी, पायगा, संस्थाने आणि खुद्द निजामाच्या खाजगी खर्चाची सर्फेखास. अशा मुलखात, लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यात, १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ती उभी केली. सिंदगीला १९०३ मध्ये जन्मलेला व्यंकटेश खेडगीकर हा तरुण १९२९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून तिथे आला. असहकाराच्या हाकेला ओ देऊन शाळा सोडलेला, कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलेला हा माणूस. तोच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला.

हा विरोधाभास मला बोलका वाटतो. तिकडे संन्यासी जमीनदार होते आणि त्यांच्याविरुद्ध रिझालसारखा एक डॉक्टर उभा राहिला. इकडे ज्याच्याजवळ काहीच नाही असा एक संन्यासी जमीनदारीविरुद्धच्या लढ्याचा नेता झाला. भगव्या वस्त्राचा आणि जमिनीचा संबंध काय असावा, याचे उत्तर स्वामीजींनी आपल्या राहणीतून दिले. जागिरी मोडल्याशिवाय स्वातंत्र्य अर्धेच, हा विचार त्यांच्या गटात १९४८ मध्ये निजामाची राजवट गेल्यावरही तेवत राहिला आणि काँग्रेसमधल्या मतभेदाचे एक कारणही ठरला.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. रिझालचे घर मधल्या पायरीवरचे होते आणि हिप्परग्याच्या शाळेचे पालकही देशमुख-कुलकर्णी होते. वरच्या पायरीवर बोट ठेवणारे बहुतेकदा मधल्या पायरीवरून बोलतात. तळाच्या माणसाला, कसामाला, सालगड्याला, तोंडी बटईवाल्याला त्यात किती जागा मिळाली, हा प्रश्न दोन्हीकडे नंतर येतो आणि दोन्हीकडे अपुराच सुटतो.

१९४९ मध्ये जागिरी संपल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, ‘संरक्षित कूळ’ हा शब्द गावोगाव गेला. १९५४ मध्ये इनाम निर्मूलनाचा कायदा झाला. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या इनामांना या कायद्यांत वेगळे ठेवले गेले. हेतू चांगला होता : दिवा विझू नये. परिणाम असा की त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणारा ना मालक झाला, ना निश्चिंत कूळ राहिला. पुढे तिच्यावर घरे झाली, शहरे वाढली आणि गुंता आणखी वाढला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मदतमाश जमिनी नियमित करण्याचा नजराणा ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, तो या गुंत्याचा एक धागा सोडवतो.

तिकडे फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेल्यावर अमेरिकन सरकारने १९०३ मध्ये संन्याशांच्या सुमारे ४ लाख एकर जमिनी सुमारे ७० लाख डॉलरना विकत घेतल्या. त्यांत कलांबाही होते. वाटले होते, आता कुळे मालक होतील. काही झालीही. पण त्यांतली मोठी सान होसे जागीर अमेरिकन साखर धंद्याच्या हाती गेली, आणि ती होती मिंडोरोवर, जिथे रिझालच्या भावाला हद्दपार केले होते. म्हणून देवाकडून जमीन काढून घेणे हाच न्याय, असे मी मानत नाही. ती बाजारात सोडली की पैसेवाला आधी पोहोचतो. न्याय एवढाच की देवाचा वाटा खरोखर दिव्यापर्यंत पोहोचावा, त्याचा हिशेब गावापुढे व्हावा आणि कसणाऱ्याच्या नावाला कागदावर जागा असावी.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या वेळचा मुंतखब असेल, १९५४ च्या खासरा पाहणीची नक्कल असेल, तर ती काढा. उर्दू वाचता येणारे म्हातारे अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. जमीन कोणाच्या सेवेसाठी दिली ते पाहा, आणि ती कसत कोण होते तेही पाहा. कसणाऱ्याचे वारस गावातच असतील. त्यांनाही तो कागद दाखवा.