लाडूच्या खाजेविषयी सईला

मिरज, श्रावण



लाडूच्या पंजांचे फोटो पाहिले. बोटांमधली कातडी चाटून चाटून लाल झाली आहे, पोटाखालचे केस विरळ झालेत. कुत्रं असलं तरी जेमतेम दोन वर्षांचं पोर ते, आणि त्याच्या खाजवण्यानं तुलाही रात्रभर झोप नाही म्हणतेस. वाचून जीव कासावीस झाला. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र जपून ठेव, पुढं लागेल.

आधी त्या ॲलर्जीच्या किटचं बोलू. थोडे केस कापायचे, तोंडात काडी फिरवून लाळ घ्यायची, पोस्टानं पाठवायचं आणि मग कशाकशाचा त्रास होतो याची लांबलचक यादी घरी येते, असं तू लिहिलंस. बाळा, ते मागवू नकोस. 2019 मध्ये तुमच्या अमेरिकेतल्याच दोन पशुत्वचारोगतज्ज्ञांनी अशा केस-लाळेच्या तपासणीची परीक्षा घेतली होती. ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांचे नमुने पाठवले, धडधाकट कुत्र्यांचे पाठवले, आणि सोबत खोट्या फरचे तुकडे व लाळेच्या जागी सलाइनही पाठवलं. तपासणीला त्यांत फरक करता आला नाही. निकाल नशिबानं लागावेत तसे लागले, आणि तोच नमुना पुन्हा पाठवला तर उत्तरं जुळेनात. ॲलर्जी हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा मामला आहे. कापलेल्या केसात त्याची खूण उरत नाही.

पैसे जातील याचं मला एवढं वाटत नाही. यादी हातात आल्यावर तू काय करशील, याची धास्ती वाटते. कोंबडी बंद, भात बंद, गाजर बंद, करत करत त्याच्या ताटात काहीच उरणार नाही. नाहीतर दुकानातलं धान्य नसलेलं खाणं आणशील. वाटाणे-मसूर घातलेल्या तशा खाण्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी तिथल्या एफडीएनं 2018 साली सुरू केली. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण कारण नसताना त्या वाटेला जायचं कशाला?

त्याऐवजी सुरुवात पिसवांपासून कर. मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होते तेव्हा आमचे एक सर होते. खाजेचं जनावर समोर आलं की ते काही विचारण्याआधी शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून बघायला लावत. बारीक काळे कण दिसले की ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायचे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे प्यायलेलं रक्त. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोडे चावे पुरतात, अंगावर एकही पिसू दिसायला नको. तुमच्या ऑस्टिनच्या उबदार हवेत पिसवा बारा महिने असतात. म्हणून लाडूला आणि तुझ्या मांजरीलाही पिसवांचं औषध दर महिन्याला, न चुकता. मग डॉक्टरांकडून कातडी खरवडून खरजेचे किडे पाहून घे. पंजे आणि कानांचा नमुना काचेवर घेऊन यीस्ट आणि जंतू आहेत का तेही बघायला सांग. कानाला आंबूस वास येतो असं तू लिहिलं आहेस, त्यावरून मला यीस्टची शंका आहे. ते बरं केल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळायचं नाही.

आणि मग खाण्याची तपासणी. सई, ती तुझ्या स्वयंपाकघरातच होते, दुसरीकडे कुठेच नाही. रक्त तपासूनही खाण्याची ॲलर्जी खात्रीनं कळत नाही, निरोगी कुत्र्यांचे रिपोर्टसुद्धा पॉझिटिव्ह येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड खाणं आण. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ती सहसा ओळखू येत नाहीत. दुकानातल्या ‘एकच मांस’ लिहिलेल्या पिशव्यांवर विसंबू नकोस. तपासल्यावर अशा कित्येक पिशव्यांत लेबलवर नसलेलं मांसही सापडलं आहे. सलग आठ आठवडे फक्त तेच खाणं आणि पाणी. पाच आठवड्यांत बरीच कुत्री सुधारतात, पण आठ आठवडे थांबलं तर खाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत फरक दिसतो. तिसऱ्या आठवड्यात तुझा धीर सुटेल, तेव्हा हे वाक्य पुन्हा वाच.

‘फक्त तेच’ म्हणजे खरंच फक्त तेच. बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, चवीची टूथपेस्ट नाही. हार्टवर्मच्या गोळीलाही बहुधा मांसाची चव असते. ती गोळी मात्र बंद करायची नाही हं, टेक्साससारख्या डासांच्या मुलखात तर नाहीच. डॉक्टरांना विचारून बिनचवीची घे, नाहीतर मानेवर टाकायचं औषध घे.

आता खरी काळजी सांगते. दादा-वहिनी दिवाळीला तुझ्याकडे येताहेत. तुला आठवतं का, लहानपणी तू जेवताना अर्धी पोळी टेबलाखाली आपल्या मोत्याला द्यायचीस, आणि दादा बघूनही बघत नसे. उलट स्वतःच्या ताटातली साय त्याला घालायचा. तो तिथे येऊन लाडूसमोर हात आखडून बसेल हे मला शक्य वाटत नाही. खाण्याची ॲलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांची माहिती 2016 मध्ये एकत्र केली तेव्हा सर्वांत जास्त कुत्र्यांना गोमांसाचा त्रास निघाला, मग दूध-दुभत्याचा, कोंबडीचा आणि गव्हाचा. आपल्या घरची माया म्हणजे दूध-पोळीच की गं. म्हणून डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि हे लवकर सुरू कर, म्हणजे ते विमानात बसण्याआधी आटपेल.

आठ आठवडे झाले आणि खाज कमी झाली तरी काम पुरं होत नाही. जुनं खाणं पुन्हा घालायचं आणि दोन आठवडे बघायचं. तुला ते जिवावर येईल, बऱ्या झालेल्या पोराला मुद्दाम त्रास कसा द्यायचा म्हणशील. पण खाज परत आली तरच दोष खाण्याचा. आली नाही, तर सुधारणा हवामान बदलल्यानं झालेली असू शकते. तिथे शरदात रॅगवीडचे पराग असतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी तुमच्या टेकड्यांवरच्या ज्युनिपरचे, ज्याला तुम्ही सीडर म्हणता. निदान त्या सीडरच्या दिवसांत तरी हे सापडू नये, यासाठीही लवकर सुरू कर म्हणते. कॅलेंडरवर रोज रात्री खाजेला दहापैकी गुण लिहीत जा.

एवढं करूनही खाज राहिली, तर हवेतल्या पराग-धुळीची ॲलर्जी समजून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे कातडीवरची किंवा रक्ताची तपासणी करतील, तिला ना म्हणू नकोस. मात्र तिचा उपयोग रोग ओळखायला नसतो. ॲलर्जी आहे हे ठरल्यावर ती कमी करायच्या इंजेक्शनात काय काय घालायचं ते तिच्यावरून निवडतात. कातडीवरच्या तपासणीआधी काही औषधं बंद ठेवावी लागतात, ते वेळेत विचार. त्या इंजेक्शनांचा गुण यायला वर्षही लागतं. तोवर खाज दाबायला चांगली औषधं आहेत, पोराला तळमळत ठेवू नकोस.

इकडे पाऊस चांगला आहे, कृष्णेचं पाणी चढलंय पण घाटाच्या खालीच आहे, काळजी नको. आईचे गुडघे दुखतात, तरी सोमवारचा उपास सोडत नाही. तुझ्यासाठी मेतकूट दळून ठेवलंय, वहिनीबरोबर पाठवते. डब्याचं झाकण घट्ट लाव आणि लाडूच्या नाकापासून लांब ठेव. डॉक्टर काय म्हणाले ते आणि पहिल्या आठवड्याचे गुण मला रविवारी कळव.

तुझी,
आत्या