दुसरी थप्पी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात एका गृहस्थांची फाउंड्री होती. पिग आयर्नचा भाव उतरला की ते ट्रकच्या ट्रक उतरवून घेत. आवारातला ढीग बघून त्यांना धीर वाटे. पैसा मात्र त्या ढिगात अडकून पडे आणि वाळूवाल्याची, इनॉक्युलंटवाल्याची बिलं मागे राहत.

एके दिवशी भट्टीत रस तयार झाला आणि इनॉक्युलंट संपल्याचं तेव्हा कळलं. टनभर रसाला ते जेमतेम दोन-तीन किलो लागतं; पण त्यावाचून बिडाच्या पातळ कडा इतक्या कडक होतात की मशिनिंगला टूल टिकत नाही. पुरवठादाराला फोन लावला. त्याची जुनी उधारी थकलेली, त्याने चार दिवसांचा वायदा केला. भट्टीतला अख्खा रस विटांच्या साच्यांत ओतून टाकावा लागला. वीज वाया गेली, पाळी वाया गेली, चाकणच्या गिऱ्हाइकाची गाडी रिकामी परतली.

संध्याकाळी शॉपमधून फिरताना मालकांच्या ध्यानात आलं, की साच्यात बसवायचे वाळूचे गाभे जिथे बनतात, ते कोअर शॉप सामानावाचून कधीच थांबलेलं नाही. तिथल्या मावशींना त्यांनी कारण विचारलं.

मावशींनी शेल सँडच्या पोत्यांच्या दोन थप्प्या दाखवल्या. "पहिली थप्पी संपून दुसरीला हात लागला, की त्याच दिवशी मी स्टोअरला चिठ्ठी देते. माल यायला चार दिवस लागत्यात, म्हणून दुसरी थप्पी सहा दिवसांची. पावसाळ्यात बारा दिवसांची. 2019 च्या महापुरात शिरोलीला हायवे बंद पडला, तवापासनं." मग म्हणाल्या, "महाग-स्वस्त मी बघत न्हाई, मालक. कशावाचून हात थांबतील ते बघते."

जपानमध्ये टोयोटाच्या तायची ओनो यांनी हीच गोष्ट कानबानच्या कार्डांनी बसवली: जेवढा माल वापरला गेला, तेवढ्याचीच मागणी मागे जायची. मावशींनी ते नाव ऐकलेलं नव्हतं. लहान कारखान्याला असं शहाणपण बाहेरून विकत आणावं लागतंच असं नाही. पुष्कळदा ते शॉपमध्येच काम करत असतं, त्याला विचारणारा लागतो.

मालकांनी दुसऱ्या दिवशी यादी केली. भावाची नव्हे, जे संपलं तर भट्टी थांबेल अशा वस्तूंची. प्रत्येकीपुढे माल यायला किती दिवस लागतात ते लिहिलं आणि दुसऱ्या थप्पीवर लाल पट्टी बांधली. पिग आयर्नची खरेदी गरजेपुरती ठेवली. त्यातून मोकळ्या झालेल्या पैशांनी थकलेली बिलं भागवली. लहान उत्पादकाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतोच. मालक तीस दिवसांतच देऊ लागले.

जूनच्या सुरुवातीला इनॉक्युलंटवाल्याचाच फोन आला. "पाऊस लागायच्या आत तुमचा माल भरू का? गाडी सोमवारी निघतीय."

मालकांनी आधी मावशींना विचारलं, मग आकडा सांगितला.